आर्वोला बोलतं ठेवताना

आर्वो निस्कानेननं गप्प बसावं म्हणून मी शिकारीचे कित्येक हंगाम त्याला शिव्या घातल्या. माणूस कागदाच्या गिरणीत कामाला, नेम बरा, कॉफी फक्कड करायचा. पण हरणाची वाट बघत बसलो की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. येशू असं म्हणाला, पेत्र तसं म्हणाला, लेलँड, तू विश्वास कधी ठेवणार? अरे, हरणाला कान असतात! जंगल सरकारी, जागा कुणाच्या बापाची नाही. पहिल्या वर्षी एकाच ओकच्या झाडाखालच्या जागेवरून आम्ही हमरीतुमरीवर आलो आणि शेवटी कंटाळून दोघंही तिथंच बसलो. तेव्हापासून तो पालथ्या घड्यावर पाणी ओतत होता.

देवाचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. का जाते, हेही त्याला ठाऊक होतं. माझा बाप दर रविवारी चर्चमध्ये गुडघ्यांवर बसून रडायचा आणि सोमवारी आईला तुडवायचा.

यंदा हंगामाच्या पहिल्याच सकाळी, नुकतं उजाडलं होतं, तेव्हा ओढ्यापलीकडून मोठा नर आला. मी गोळी झाडली. तो जागच्या जागी कोसळला.

"प्रभूची स्तुती असो!" आर्वो उठलाच.

"गोळी माझी आणि स्तुती त्याची?"

"तुझीही करतो. जरा दम धर."

हरीण कुणीही मारो, आर्वो आधी त्याच्याजवळ गुडघे टेकायचा, टोपी काढायचा आणि मानेवर हात ठेवून देवाचे आभार मानायचा. आजही तो तसाच जाऊन टेकला. आमच्याकडे शेंबडं पोरही आधी लांबून हरणाच्या डोळ्याला काडी लावून बघतं. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे राहतात. याचे मिटलेले होते.

"आर्वो, मागे हो!" मी बोंबललो.

नर उसळला. माझी गोळी शिंगाच्या बुडाला चाटून गेली होती, त्याला नुसती भोवळ आली होती. त्यानं मान खाली घातली, आर्वोच्या जांघेत शिंग खुपसलं आणि त्याला उचलून झटकलं. आर्वो किंचाळला. दोघं असे गुंतलेले की मला गोळी घालता येईना. मी धावत जाऊन बंदुकीचा दस्ता त्या नराच्या डोक्यात घातला. परत घातला. दस्ता तुटला. मग सुरा काढला. त्यानं एका लाथेत माझी बरगडी मोडली, तरी मी त्याच्या अंगावर पडलो, गळा चिरला आणि तो थंड झाल्यावरही चिरतच राहिलो. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

वळून पाहिलं तर आर्वोखालचं बर्फ लाल झालेलं, आणि रक्त उसळ्या मारत येत होतं. जखम इतकी वर की पट्टा आवळायला जागाच नव्हती. मी मूठ आत घातली आणि सगळं वजन टाकलं. मूठ जरा हलली की चिळकांडी उडायची, म्हणजे त्याला सोडून मदत आणायला जाणंही संपलं. फोनला त्या खोऱ्यात रेंज नाही. दुसऱ्या हातानं मी त्याची बंदूक ओढली आणि आकाशात लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या. तीन गोळ्या म्हणजे कुणीतरी संकटात, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. पण पहिल्या सकाळी चारी बाजूंनी गोळ्यांशिवाय दुसरं काय ऐकू येतं? लांबून कुणीतरी आनंदानं आरोळी ठोकली. त्याला वाटलं असेल, आम्हाला हरीण मिळालं.

"झोप येतेय रे," आर्वो म्हणाला.

"झोपलास तर याद राख! एरवी तोंड मिटत नाही तुझं. बोल."

"काय बोलू?"

"तुझा येशू सांग."

तो चक्क हसला. "विश्वास ठेवतोस?"

"नाही. पण सांग."

येशूनं मेलेल्या लाजाराला उठवलं, ती गोष्ट त्यानं सुरू केली, पण अर्ध्यातच आवाज बुडाला. मी काय करणार? मीच पुढे सांगू लागलो, आणि मुद्दाम चुकीचं.

"पाण्यावर चालायला उतरला, तो थोमा ना?"

"पेत्र... गाढवा."

"आणि पाण्याचा द्राक्षारस केला, ते मयताच्या घरी?"

"लग्नात! लग्नात रे."

चूक ऐकली की त्याला चीड येई आणि तो डोळे उघडायचा. म्हणून मी सगळ्या बायबलची खिचडी केली. नोहाला सिंहांच्या गुहेत टाकला. "दानीएल," तो पुटपुटला. योनाला नांगराला जुंपला. "माशानं गिळलं," तो म्हणाला, "एवढे हंगाम... मी काय भिंतीशी..."

"भिंतीशीच! चालू ठेव."

माझी मूठ बधिर झाली होती आणि रक्त बोटांमधून येतच होतं. मला तो हवा होता, त्याच्या सगळ्या बडबडीसकट हवा होता. मी उरलेल्या गोळ्याही झाडल्या. तेवढ्यात समोरच्या टेकाडावर एका शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट दिसलं. मी घसा फाडून ओरडलो. जाकीट थांबलं, मग उतरणीवरून धावत सुटलं.

"माणूस येतोय, आर्वो! ऐक, शेवटचं राहिलंय. त्याला वधस्तंभावरून उतरवलं. थडग्यात ठेवलं. तोंडावर धोंड लोटली. आणि मग तो तिथंच राहिला. बरोबर?"

मी मोकळ्या हातानं त्याचा गाल थोपटला.

"राहिला ना तिथंच? संपलं ना? बोल की, आर्वो, चुकतोय मी!"

माझ्या मुठीखाली काहीच उसळत नव्हतं.

"नाही राहिला!" मी ओरडलो. "तिसऱ्या दिवशी उठला तो! उठला रे, आर्वो, उठला!"

नारिंगी जाकीटवाला येऊन पोचला तरी मी तेच ओरडत होतो. माझी मूठ त्यालाच ओढून बाहेर काढावी लागली.