डावरीचं दावं

आजी जाऊन तीन दिवस झाले, तरी नातीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आत्यानं रडून रडून घसा बसवून घेतला. शेजारणी येत, नातीकडे बघत आणि आपसात कुजबुजत. शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासून पोरीचं काळीजही काचेचं झालं, असं कुणीतरी म्हणालंच. नातीला त्याचा रागही आला नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तशी ती आतून झाली होती. जिनं लहानाची मोठी केली तिच्यासाठी साधं रडूही येऊ नये, याची मात्र तिला लाज वाटत होती.

दुपारी दूधवाला दारात येऊन चुळबुळत उभा राहिला.

"वेळ बरोबर नाही, कळतं मला. पण म्हातारीला दावं सांगितलं होतं. वासरू दोनदा सुटून रस्त्यावर गेलं. झालं असेल तर द्या, नाहीतर बाजारातनं आणतो."

"अर्धंच झालंय," आत्या बसक्या आवाजात म्हणाली. "उरलेलं कोण करणार आता?"

"मी करते," नात म्हणाली. "संध्याकाळी या."

मागच्या खोलीत मधल्या खांबाला ते अर्धं दावं बांधलेलं होतं. खाली दोरी वळायचा घायपाताचा वाख वाळून कडक झाला होता. नातीनं तो पाण्यात भिजवला आणि भिंतीला पाठ लावून लहानपणची आपली जागा धरली. खांबापलीकडे खिडकीशी आजीचा पाट होता, रिकामा.

दोरी वळायला शिकवताना आजीनं तिला कधी जवळ घेतलं नाही. शेजारणीची नात आजीच्या मांडीवर बसून शिकली, हिला मात्र, "सरक तिकडं. समोर बस, माझ्या हाताकडं बघ." वर टोमणे होतेच. "ही दोरी आहे का गांडूळ?" मांडीचं ते नातीच्या मनात वीस वर्षं सलत राहिलं होतं.

हात काही विसरले नव्हते. दोन पेड तळव्यांत घोळवायचे, पीळ भरला की एकावर एक टाकायचे. वीतभर झालं तेव्हा तिनं वर पाहिलं. आजीनं वळलेलं दावं सुटत चाललं होतं. घाबरून ती आणखी घट्ट वळू लागली, तसं ते आणखी सुटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीत धडधडलं. आजीच्या हातचं एवढंच उरलं होतं आणि तेही ती मोडत होती.

"आत्या! हे बघ काय होतंय!"

आत्यानं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, ती डावरी ना! तिचा पीळ उलटा. तिच्या दोरीला दुसऱ्या कुणाची दोरी कधी जोडता आली नाही. बाजारात बायका फिदीफिदी हसायच्या तिला. म्हणून तर तुला समोर बसवायची, आरशात बघितल्यासारखं. म्हणायची, शेजारी घेतली तर पोर माझंच उचलेल. तिला चारचौघींसारखं येऊ दे."

आजी डावरी होती हे नातीला माहीत होतं. त्या डाव्या हाताच्या चापट्या तिनं पोटभर खाल्ल्या होत्या. दोरीचं मात्र तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं आपलं वीतभर काम सोडवलं, खांबाला वळसा घातला आणि आजीच्या पाटावर बसली. डावा हात पुढे केला. बोटं ऐकेनात, पेड निसटत राहिले. श्वास घ्यायला तिनं मान वर केली तेव्हा समोरची भिंत दिसली. भिंतीला नवा रंग होता, पण लहान पोरीचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर एक जुना तेलकट डाग तसाच होता. त्याच्या कडेकडेनं कुंचला जपून फिरवलेला दिसत होता.

तिनं पुन्हा खाली बघून पेड घोळवायला घेतले.

दूधवाला आला तेव्हा दावं तयार होतं. त्यानं ते हातातून सरकवत नेलं. मध्येच त्याचा अंगठा थांबला.

"इथून हात बदललाय."

"हो," नात म्हणाली. "इथून पुढं गांडूळ आहे."

आणि ती हसायला गेली, तर तिला रडूच फुटलं.