वैद्याच्या हातचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, कामरगावात, वैशाखाच्या भर दुपारी मिशीवाली चार माणसं शिंप्याच्या दुकानात बसून खोट्या राक्षसाशी लढत होती, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे. पण देवमन कंपाउंडरापुढे हसू नका.

खेळाचं नाव सात दरवाजे. तो दौलतसिंग हवालदाराचा. फौजेतून पेन्शनीत आला तेव्हा सोबत एक लोखंडी पेटी, दुखरा गुडघा आणि हा खेळ घेऊन आला. स्वतः तो खेळत नसे, खेळवत असे. डोळे मिटून सांगायचा, "पाचवा दरवाजा उघडला. समोर नदी. नदीत मगर. बोला, काय करता?" मग ज्यानं त्यानं आपापलं सोंग सांभाळून बोलायचं आणि सात कवड्या फेकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर फत्ते, पालथ्या जास्त पडल्या तर घाव. तीन घाव खाल्ले की मेला. सोंगं ठरलेली होती: शिपायाकडे तलवार, चोराकडे चपळाई, वैद्याकडे औषधाच्या पुड्या. सातव्या दरवाज्यामागे राक्षस आणि त्याच्या कैदेत राजाची लेक.

शिपाई होता जगदेव, नदीकाठच्या सगळ्या काळ्या रानाचा मालक. चोर होता इंद्रभान शिंपी. दुकान त्याचं, आणि कात्रीपेक्षा धारदार जीभही त्याचीच. वैद्य आधी शाळेचे मास्तर होते. त्यांची बदली झाली, तेव्हा हवालदारानं सरकारी दवाखान्यातल्या देवमनला बोलावणं धाडलं. "तू तर खराच दवाईवाला. ये."

देवमन गेला. दारात चप्पल काढून उभा राहिला, तर हवालदारानं सतरंजीचा कोपरा दाखवला. "बस ना बे. उभा काहून?"

सतरंजीवर! देवमनच्या बापानं, भिवाजीनं, छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली, पण म्हणून जगदेवच्या ओसरीची पायरी त्याला कधी चढू दिली नाही कोणी. देवमनला सरकारी पगार होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, गावातल्या निम्म्या ढुंगणांना त्याच्या सुईची ओळख होती. बसायला जागा तेवढी नव्हती. ती त्या दुपारी मिळाली. निळ्या-लाल पट्ट्यांची नवी कोरी सतरंजी होती. पुढे उन्हाळा सरत आला तसे त्याच्या कोपऱ्यातले पट्टे तेवढे विटले. दारातून ऊन येत असेल, असं त्याला वाटायचं.

घरी केशरबाई, त्याची बायको, कुरकुरायची. "कायले जाता त्या लोकायत? तुमच्याशिवाय त्यायचा राक्षस मरत नाही का?"

"तुले नाही समजत," तो म्हणायचा. "तिथं मी खाली नाही बसत. बाजूले बसतो."

आता या खेळातली मेख सांगायलाच हवी. घाव भरायचा तर वैद्यानं पुडी द्यायची आणि घायाळानं ती वैद्याच्या हातच्या पाण्यानं, तिथल्या तिथं, खरोखर घोट घेऊन गिळायची. पुडीत साखर असे. मास्तर वैद्य होते तेव्हा तांब्या मजेत फिरायचा. साखरेसाठी जगदेव मुद्दाम घाव खायचा. देवमन वैद्य झाला, आणि त्या दिवसापासून त्या दुकानात कोणाला तहान म्हणून लागेना.

पहिल्याच दुपारी जगदेवला मगर चावली. देवमननं राखेनं लख्ख घासून आणलेला तांब्या पुढे केला. जगदेव त्या तांब्याकडे पाहत राहिला. "लहानसा घाव हाये," म्हणाला, "राहू दे." मग दुसरा घाव पडला. "आता कुठं मजा येऊन राह्यली. राहू दे." एका उरल्या जिवावर शिपाई उन्हाळाभर लंगडत फिरला, पण पाणी प्याला नाही. आणि हाच जगदेव दर शनिवारी दवाखान्यात येऊन, बाही वर करून, देवमनकडून सुई टोचून घ्यायचा. सुई चालते. पाणी चालत नाही. आता बोला!

कायदा बदलू, असं इंद्रभान अधूनमधून सुचवायचा. हवालदार मिशी ताठ करायचा. "कायदा म्हंजे कायदा." त्याचं काय जात होतं? खेळवणाऱ्याला घाव पडत नाहीत.

देवमनला हे कळत नव्हतं असं समजू नका. तो रोज तांब्या भरून आणायचा, रोज भरलेलाच परत न्यायचा आणि दवाखान्याच्या लिंबाला ओतायचा. लिंब यंदा चांगला पोसला होता. आज नाही तर उद्या पितील, असं त्याच्या मनात यायचं. सातव्या दरवाज्यात तर प्यावंच लागेल, नाही तर मरतील सगळे!

सातव्या दरवाज्याच्या दुपारी नवा तलाठी दुकानात आला. मदनसिंग त्याचं नाव, मंगरूळपीरहून बदलून आलेला. सायकल टेकवून, घामानं निथळत आत शिरला आणि रामराम करायच्या आधी समोरचा तांब्या उचलून त्यानं घटाघटा अर्धा केला.

"वा! काय गोड पाणी हाये. कोणी आणलं?"

"म्या," देवमन म्हणाला.

"जीते रहो!"

जगदेव आणि इंद्रभान एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. देवमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाऊन केशरबाईला काय काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवूनही टाकलं.

तलाठ्याला खेळायचं होतं. त्याच्यासाठी मांत्रिकाचं सोंग निघालं: मंत्र फेकला की लांबूनच आग. पण सातव्या दरवाज्यातून तिघंच जाऊ शकतात, असा कायदा. चौथ्यानं दाराशी थांबायचं, सतरंजी सोडायची, आणि पुढच्या उन्हाळ्यातही त्याला जागा नाही. कोण थांबणार ते कवड्या ठरवत नाहीत, वाद घालून ठरवायचं असतं. शिपायाशिवाय लढाई नाही आणि चोराशिवाय कुलूप उघडत नाही, हे जगदेव-इंद्रभाननं एकमेकांना आधीच मान्य करून टाकलं. उरले वैद्य आणि मांत्रिक.

"वैद्याचे गुण-अवगुण सांगा," हवालदारानं वही उघडली.

"पयला अवगुण," जगदेव म्हणाला, "त्याच्यापाशी हत्यार नाही. राक्षस आला तर काय त्याची नाडी पाहीन?"

"वैद्याले इख समजते," देवमन म्हणाला. "राक्षसाची नखं इखारी हायेत, हवालदारसाहेबानंच सांगतलं. तिथं तलवार काय करन?"

"त्याले सांभाळा लागते पण," इंद्रभान म्हणाला. "एक माणूस त्याच्याच राखणीले. मांत्रिकाचं तसं नाही. लांबून आग फेकते, मोकळा होते."

"दोन मंत्र फेकले का मांत्रिक रिकामा. मंग?" देवमन सरसावून बसला. "मांत्रिक मारते बराबर, पण पडलेल्याले उभं करत नाही. माह्यापाशी तीन पुड्या हायेत. जगदेवभाऊचे दोन घाव भरतो, तरी एक उरते. असा शिपाई आत गेला तर राक्षस टिकते का? सांगा ना!"

इतका तो उन्हाळाभरात बोलला नव्हता. तलाठी कान देऊन ऐकत होता. खेळात नवा, गावात नवा, पण डोकं चालणारा माणूस.

"बराबर बोलून राह्यला हा," तलाठी म्हणाला. "मी मांत्रिक असून सांगतो, वैद्य पायजेच. मी थांबतो बाहेर. मले काय घाई हाये?"

देवमननं आपल्या कोपऱ्यातल्या सतरंजीवर तळवा टेकवला.

तेव्हा इंद्रभान उठला. माप घ्यायला जावं तसा तलाठ्याच्या पाठीमागे गेला, खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकला. दोन शब्द बोलला असेल, तीन असतील. देवमनला ऐकू आले नाहीत. ऐकायची गरज काय? ते शब्द जन्मापासून त्याच्या ओळखीचे होते.

तलाठ्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो बाहेर गेला. रस्त्यावर खळखळून चुळा भरल्याचा आवाज आला. एक, दोन, पाच. मग घशात बोटं घालून ओकल्याचा. आत कोणी कोणाकडे पाहिना. हवालदार वहीत उगाच रेघा मारत बसला. रेघा मारायला त्याला बरं जमत होतं.

परत आला तो रुमालानं तोंड पुसत. "मांत्रिकच घ्या," म्हणाला.

"काहून?" देवमन म्हणाला. "आत्ता तर तुमीच बोलले..."

"हवालदारसाहेब," इंद्रभान मध्येच गोड आवाजात म्हणाला, "जरा वही पाहा ना. देवमन आल्यापासून वैद्यानं किती घाव भरले?"

हवालदारानं पानं उलटली. "एक बी नाही."

जगदेव मांडीवर थाप मारून हसला. "दीड महिना झाला अन् एक घाव नाही! असा वैद्य कायले पोसा?"

"म्या रोज पुढं केलं," देवमन म्हणाला. "कोणी घेतलं नाही."

"तोच तर अवगुण हाये, लेका," इंद्रभान म्हणाला. " ज्याचं औषध कोणी घेत नाही तो वैद्य कायचा?"

गरज सरो नि वैद्य मरो, असं आपल्यात म्हणतात. इथं गरज सरायचीही वाट कोणी पाहिली नाही. तीन हात वर झाले आणि हवालदारानं ते वहीत लिहून घेतलं.

पण कायद्याचा माणूस तो. म्हणाला, "थांबणाऱ्याचा एक हक्क असते. जाता जाता एक घाव भरता येते त्याले."

देवमननं अर्धा उरलेला तांब्या उचलला, पुडी सोडली आणि जगदेवच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला.

"जगदेवभाऊ, एक जीव उरला तुमचा. घोटभर घ्या. मी तर जाऊनच राह्यलो. आता काय?"

जगदेवचे ओठ सुकले होते. त्यानं ते चाटले. राजाची लेक त्याला हवी होती, उन्हाळाभर तो तिच्याच गोष्टी करत होता.

"मले तहान नाही."

"खेळच हाये ना, भाऊ."

"खेळात बी नाही!" जगदेव एवढ्यानं ओरडला की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

देवमन सतरंजीवरून उतरून दारात उभा राहिला. हवालदारानं डोळे मिटले आणि सातवा दरवाजा उघडला. राक्षसाचा पहिला वार शिपायावर. जगदेवनं कवड्या फेकल्या, सातच्या सात पालथ्या. शिपाई मेला. चोराला पळायला वाट सापडली नाही. मांत्रिकाचे दोन मंत्र संपले आणि मग तो नुसते हात चोळत बसला. राजाची लेक राक्षसाच्या पोटात गेली. उन्हाळाभराचा खेळ पाव तासात आटोपला.

"शिपाई कायनं मेला तेवढं लिवा, हवालदारसाहेब," देवमन दारातून म्हणाला.

हवालदारानं पेन्सिल जिभेला लावली, थोडा थांबला आणि लिहिलं: घावानं.

देवमननं तांब्यातलं पाणी उंबऱ्यातच उभं राहून स्वतः पिऊन टाकलं. पाणी खरंच गोड होतं. मग तो निघाला.

लिंबापर्यंत गेला आणि आठवलं, पुड्यांची पिशवी आतच राहिली. केशरबाईनं जुन्या लुगड्याच्या काठाची शिवून दिलेली. तो परत फिरला, दाराशी आला आणि थांबला.

इंद्रभान त्याच्या कोपऱ्यात ओणवा होता. एका हातात गडू, दुसऱ्या हाताच्या ओंजळीनं सतरंजीवर पाणी शिंपडत होता. रागानं नव्हे. तलाठ्याशी पायजम्याच्या कापडाबद्दल बोलत बोलत, न पाहता, रोजचं काम उरकावं तसा.

"आज जरा जास्त मार," जगदेव भिंतीला टेकून म्हणाला. "आज लय येळ बसला होता."

इंद्रभाननं आणखी एक ओंजळ मारली. ओल पसरत गेली आणि जिथं पट्ट्यांचा विटका रंग संपत होता, बरोबर तिथं येऊन थांबली. एका दिवसाच्या पाण्यानं रंग असा विटत नाही. देवमननं वर पाहिलं. दुकानाचं दार उत्तरेला होतं. त्या कोपऱ्यात ऊन कधी येतच नव्हतं.

त्यानं पिशवी मागितली नाही.