शिळं पाणी

भार्गवीनं तिसऱ्यांदा तोच नमुना यंत्राला लावला आणि आकडा उमटेपर्यंत श्वास रोखून धरला. पुन्हा तेच. दगडाच्या चकत्यांतून पाण्यात सीझियम जवळजवळ उतरलंच नव्हतं. काचेच्या चकत्यांनी मात्र चांगलंच सोडलं होतं.

"जिंकलो!" म्हणून रेणुकादास सरांनी टेबलावर थाप मारली. इतका शिस्तीचा माणूस, पण स्वतः पेढे आणायला निघाला.

अणुभट्टीतला सगळ्यात जहाल कचरा पातळ ठेवून भागत नाही, कशात तरी घट्ट कोंडावा लागतो, तोही हजारो वर्षांसाठी. जग तो काचेत कोंडतं. सरांचं म्हणणं, भट्टीत भाजून माणसानं केलेला दगड काचेला भारी. या वादापायी त्यांचे केस पिकले होते. नांदेडच्या त्या कॉलेजात खरा कचरा कुठून यायला? म्हणून साधं, निरुपद्रवी सीझियम घालून दोन्हीच्या चकत्या केल्या, बाटल्यांत पाण्याखाली बुडवल्या, आणि महिनाभर पाण्याला हात लावायचा नाही असं ठरलं. जो पाण्यात कमी सोडेल तो खरा.

उद्या मुंबईची समिती येणार होती. तिनं मान डोलावली की दगड पुढं खऱ्या कचऱ्याच्या चाचणीला जाणार आणि भार्गवीची शिष्यवृत्ती वाढणार. नाहीतर लातूर. भूकंपातली माणसं अजून पत्र्याच्या शेडात होती, पण लातुरात क्लासच्या पाट्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. त्यातली एक तिच्या काकांची, किशनरावांची. पाटीवर त्यांनी भार्गवीचं नावसुद्धा रंगवून घेतलं होतं. तेच ते प्रश्न घोकून घ्यायचे, जन्मभर! नुसत्या विचारानं तिचा जीव गुदमरायचा.

रोजंदारीवर झाडलोट करणारी जन्नतबी हसत आत आली.

"ताई, तुमचा दगूड पास झाला म्हनं!"

"झाला, मावशी."

"हुनारच की! सेवा कुनी केली? तुम्हीच म्हनलात, बाटल्या जपा. रोज सकाळी कुनी यायच्या आत शिळं पानी फेकून ताजं भरलं मी. माठातलं न्हाई हां, तुमच्या कॅनमधलंच साफ पानी."

भार्गवीला आधी कळलंच नाही. मग ती गर्रकन वळली.

"कोणत्या बाटल्यांचं?"

"ह्याच, माठाजवळच्या, दगडाच्या. काचवाल्या कपाटात, कुलपात. तिथं माझा काय इलाज?"

"अहो, पण का, मावशी? का?"

"शिळं कसं ठिवावं, ताई?" जन्नतबीचं हसू विरलं. "किल्लारीला घर पडलं, त्यातनं नात जित्ती निघाली. अन् शेडातल्या टाकीचं शिळं पानी पिऊन गेली. तवापासून शिळं पानी बघवत न्हाई मला."

ती खराटा घेऊन व्हरांड्यात गेली. भार्गवी स्टुलावर बसली. दगडातून जे काही सुटलं, ते रोज मोरीत गेलं होतं. हातातला आकडा फक्त शेवटच्या ताज्या पाण्याचा. पुन्हा करायचं तर महिना हवा, आणि समिती उद्या. काय करू? कुणाला सांगू? तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. सांगितलं तर शिष्यवृत्ती बुडणार, आणि सर जन्नतबीला आजच्या आज घालवणार. गप्पच राहावं, तिनं ठरवलंसुद्धा. पण पुढं त्या दगडात खरा कचरा भरतील आणि तो झिरपेल. कुणाची तरी नात ते पाणी पिईलच की.

ती उठली.

सर पेढ्यांचा पुडा सोडत होते. "ये, ये. पहिला तुझा."

"सर, आकडा खोटा आहे," ती एका दमात म्हणाली. "दगडाच्या बाटल्यांतलं पाणी मध्येच बदललं गेलंय. रोज."

सरांचा हात पुड्यावरच थांबला. चेहरा पांढराफटक पडला.

"कुणी बदललं?"

पेढे आल्याचं ऐकून जन्नतबी दारात येऊन उभी होती. सरांचा प्रश्न कानावर पडताच तिचा चेहरा खुलला. पदर सावरत ती पुढं झाली आणि तिनं तोंड उघडलं.

"मी!" भार्गवी जवळजवळ ओरडलीच. "मीच बदललं, सर. शिळं झालं होतं."

"शिळं?" सर तिच्याकडे बघतच राहिले. "पाच वर्षं शिकवलं तुला! शिळं?" मग त्यांनी पुडा बांधायला घेतला. "काकांना कळवून टाक, येते म्हणून."

जन्नतबी दारातच थबकली होती. भार्गवी बाहेर पडताना तिनं वाट दिली, पण वर बघितलं नाही.

"राबायचं आमी," ती खराट्याला सांगितल्यासारखं पुटपुटली, "अन् नाव लावायचं ताईनं."