खिडकीखालच्या विटा

"काका, इथून खाली कापलं तर भिंत बसेल का हो?" बंद पडलेली शाळा विकत घेऊन तिचं घर करणाऱ्या मालकिणीनं विचारलं.

"भिंतीला काय होतंय? वरचा भार चौकटीवरचा दगड घेतो. खिडकीखालच्या विटा नुसत्या भरतीच्या," गवंडी बोलून गेला, आणि हातातली छिन्नी तशीच धरून उभा राहिला.

गावात त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ, बोलणं त्याहून सरळ. त्यापायी चार माणसं तुटली ती तुटलीच. पण असा माणूसही एकदा खोटं बोलला होता. ते याच भिंतीबद्दल, आणि तेही बायकोशी.

शाळा शंभर वर्षांची. बांधणाऱ्यानं डोकं लढवून खिडक्या पुरुषभर उंचीवर ठेवल्या होत्या; उजेड आत यावा, पण पोरांचं लक्ष बाहेर जाऊ नये. पोरांचं सोडा, बुटक्या बाईंनाही बाहेरचं काही दिसायचं नाही. बाई म्हणजे त्याची बायको. सगळं गाव बाई म्हणे, म्हणून तोही म्हणे. एकतीस वर्षं तिनं या खोलीत शिकवलं. खिडक्यांच्या बाजूला, पटांगणापलीकडे त्यांचं घर, आणि घराच्या पायरीवर पायांनी अधू असलेली लेक दिवसभर एकटी बसलेली.

"अहो, एक तरी खिडकी खाली घ्या ना," बाई म्हणायची. "शिकवता शिकवता पोर नजरेला पडेल."

शाळेची डागडुजी त्याच्याकडेच होती. पण खिडकी कापायची तर कचेरीचे उंबरे झिजवायचे, साहेबांपुढे हात जोडायचे. ते त्याला जन्मात जमलं नाही. "भिंत बसेल," त्यानं ठोकून दिलं. ओळंब्याचा शब्द, मग बाईनं पुन्हा विषय काढला नाही. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं ती धापा टाकत घरी धावायची, पोरीला पाणी पाजून परत यायची. शाळा बंद पडेपर्यंत धावली. गेल्या वर्षी गेली.

काम दीड दिवसात उरकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शेवटची वीट काढली, कडा घासून घेतल्या.

"एवढंच होतं?" मालकीण म्हणाली. "मला वाटलं, आठवडा जाईल."

"एवढंच होतं," तो म्हणाला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"टेका जरा. बसून बघा कसं दिसतंय."

त्यानं खुर्ची ओढली आणि खाली घेतलेल्या खिडकीकडे तोंड करून बसला. समोर त्याचं दार होतं. पायरीवर केस पिकत चाललेली लेक सदऱ्याला बटण लावत होती. इतकी जवळ, की तिनं दातानं दोरा तोडला तोही दिसला.

त्यानं हात वर केला. लेकीनं मान उचलून रस्त्याकडे पाहिलं, पटांगणाकडे पाहिलं, आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागली. त्या भिंतीतून आपल्याला कुणी बघत असेल, हे तिच्या कधी मनातच आलेलं नव्हतं.