आवाज भरणारी आखूड केबल

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. लांबीला धड वीतभरही नाही. माझ्या एका टोकाला प्रिंटरच्या वायरीला असतो तसला रुंद जोड आहे, दुसऱ्या टोकाला चिप बसवायची छोटी खाच, आणि मध्ये रंग उडालेल्या चार-पाच तारा. दुकानात माझ्यासारखी दुसरी मिळायची नाही, कारण मी दुकानातून आलेलीच नाही. मला ताईने घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर घडवलं.

ताई वजनकाट्यांच्या कारखान्यात तारांना डाख द्यायची, म्हणजे वितळलेल्या कथलाने तारा जोडायची. थोरल्या भावाबरोबर, म्हणजे दादाबरोबर, ती राहायची. दादाचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. तेव्हापासून तो एका जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करायचा आणि कॉम्प्युटरला जोडलेली पेटी ते बोलून दाखवायची. आवाज कसला, डब्यात खडे हलवावेत तसा! पण दादाची मुलगी त्याच आवाजाचं रागावणं आणि लाड ऐकत वाढली, शिकली आणि नोकरीसाठी लांब गेली.

मग एका सकाळी पेटी नुसतीच खरखरली. तिच्यातल्या चिपमध्ये, म्हणजे किड्यासारखे पाय असलेल्या त्या काळ्या तुकड्यात, बोलायचं कसं हे भरून ठेवलेलं असतं. वयोमानाने ते पुसलं गेलं होतं. पेटी बनवणारी कंपनी तर केव्हाच बंद पडलेली.

ताईने दादाला नवा मोबाइल आणून दिला. तो टाइप केलेलं फार गोड आवाजात बोलायचा. दादाने त्यावरून लेकीला फोन लावला.

"नमस्कार बेटा, मी बोलतोय," मोबाइल म्हणाला.

"मला विमा नकोय हो!" म्हणत लेकीने फोन ठेवून दिला.

ताईला हसू आवरेना. दादा मात्र हसला नाही. त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलं, 'हा माणूस मी नाही.' आणि मोबाइल उपडा घातला. पुढे लेकीचा फोन आला की तो उठून गॅलरीत जायचा. ताईच काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची.

पेटीसोबत आलेली फ्लॉपी ताईने जपून ठेवली होती. तीत तो बोलण्याचा धडा शाबूत होता. कोरी चिपही तिने मिळवली. पण धडा चिपमध्ये उतरवणार कसा? त्यासाठीची यंत्रं आता कुठेच मिळत नव्हती. शेवटी सुटीच्या दिवशी तिने बिघडलेल्या प्रिंटरची वायर कापली आणि माझा जन्म झाला.

तेव्हा मी चांगली ऐसपैस होते, टेबलापासून खिडकीपर्यंत पोचायचे. ताईने मला कॉम्प्युटरला जोडलं, खाचेत चिप बसवली आणि धडा पाठवला. तपासून पाहते तो काय, दर वेळी काही वेगळंच उतरलेलं! तिने डाख पुन्हा दिले, तारा अदलून-बदलून पाहिल्या. काही केल्या जमेना.

"मसणात जा!" ती मला म्हणाली. मी बापडी काय बोलणार?

दादा शेजारी बसून बघत होता. त्याने चिठोरा पुढे सरकवला, 'निरोप्याला एवढ्या लांब धाडलंस, तर वाटेत विसरणारच ना, बये!'

ताईने भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कात्री घेतली. मला दुखलं नाही असं नाही. पण कापून पुन्हा जोडल्यावर धडा माझ्यातून सरळ चिपमध्ये उतरला, अक्षर न अक्षर. चिप पेटीत गेली. दादाने टाइप केलं आणि पेटी खडखडली, "चहा टाक."

ताई जागची हलेना. "टाकते की," म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बसली.

त्या दिवशी फोन दादाने लावला. "पोरी, जेवलीस का?"

 पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, कुठे होता हो इतके दिवस?"

ताईने मला खिळ्याला टांगलं. आल्यागेल्याला ती मला दाखवायची, "ही माझी करामत!" मी फुलून जायचे. पण माझं काम घटकेचं. पेटी पुन्हा रुसलीच नाही. आत ती बोलायची, हसवायची, भांडायची आणि मी भिंतीवर धूळ खात ऐकायचे. त्यातला शब्द न शब्द माझ्यातून गेलेला, पण माझ्याशी कोणी बोललं नाही.

पुढे दादा थकला आणि एके दुपारी झोपेतच गेला.

लेक आली. सामान आवरताना तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि बोटं टाइप करायला टेकवली.

ताईने तिचा हात धरला. "नको गं. आवाज त्याचा असेल, पण शब्द तुझेच असतील."

लेकीने कॉम्प्युटर बंद केला आणि आत्याच्या कुशीत शिरून खूप रडली. जाताना पेटी तिने बरोबर नेली. मला उचलून तिने विचारलं, "आत्या, ही कसली वायर?" ताईने काही सांगायच्या आत खाली गाडी आली. निघायची घाई झाली आणि मी ड्रॉवरमध्ये पडले.

तेव्हापासून मी इथेच आहे. ताई कधीतरी ड्रॉवर उघडते, माझ्या डाखांवरून अंगठा फिरवते आणि पुन्हा बंद करते. घरात आता कुणाचाच आवाज नसतो. दूधवाल्याला 'एकच पिशवी' म्हणते, तेवढंच तिचं बोलणं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. तांब्याच्या तारेला कसली आलीय हौस? पण तुमच्या ओळखीच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या घरी अशी ओबडधोबड, हाताने केलेली वस्तू दिसली, तर 'हे काय आहे?' असं नक्की विचारा. आणि विचारलंत, तर उत्तर पुरं होईपर्यंत उठू नका.