सरावापुरती राणी

वन्संनी पिठाची चाळण डोक्यावर उपडी घातली, अंगावरची शाल खांद्यावरून मागे सोडली आणि स्टुलावर अशा काही बसल्या, की त्या तीन पायांच्या स्टुलालाही आपण सिंहासन असल्याचा भास व्हावा.

"विचार," त्या म्हणाल्या. "पण बेतानं. आम्ही राणी आहोत."

समोर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मावशीनं गुडघ्यावरचा कागद नीट केला.

"रात्री झोप कशी लागते?"

"झोपा आमच्या दाराशी रांग लावतात. आम्ही एकेकीला आत घेतो. कालची जाड होती, चौकटीतच अडकली."

"जेवण जातं का?"

"चार हत्ती जेवतात. आम्ही बघतो."

"सकाळी उठावंसं वाटतं?"

"सूर्य आमच्या परवानगीनं उगवतो. उद्या त्याला सुट्टी दिली आहे."

मावशीचं पेन थांबलं आणि तोंडावर हात दाबूनही तिचं हसू बोटांच्या फटीतून सांडलं. वन्संनी चाळणीखालून डोळे वटारले. रुग्णासमोर हसलं की दोन गुण जातात, हे एव्हाना त्यांनाही पाठ झालं होतं.

मनोरुग्णांच्या निवासगृहात मावशी सोळा वर्षं सेविका होती. तिला नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदापुरतं. एरवी नर्सपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती मावशीच. दिवसभर भिंतीशी बोलणारे एक आजोबा होते, त्यांनी भिंतीलासुद्धा तिची ओळख "या आमच्या मावशी" अशीच करून दिली होती, आणि भिंतीनं ती मान्य केली होती असं ते सांगत. कोण कधी बिथरणार हे तिला पायांच्या आवाजावरून कळायचं. पण वर्षापूर्वी फलकावर नोटीस लागली: मानसिक आरोग्य आणि समाजसेवेचं प्रमाणपत्र नसलेल्यांना यापुढे वॉर्डात काम नाही. तीन संधी. नाही जमलं, तर तळघरातल्या धुलाईघरात चादरी.

दोन संधी गेल्या होत्या. लेखीत ती काठावर निघायची, बुडायची ती तोंडीत. तोंडी परीक्षेत परीक्षक स्वतः रुग्ण होऊन बसतात आणि उमेदवारानं त्यांना ठरलेले नऊ प्रश्न विचारायचे असतात. पहिल्या वेळी परीक्षक म्हणाले, "मला या जगात कुणी नाही." मावशी उठली, त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असं बोलायचं नाही, मी आहे ना." परीक्षकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पन्नासपैकी अकरा गुण दिले. दुसऱ्या वेळी तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले, पण तोंड दाबायचं राहिलं. शेरा आला: उमेदवार ऐकत नाही, सावरत बसते.

प्रमाणपत्राच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई तीस वर्षं नर्स होत्या आणि त्यांची वाणी इस्त्रीसारखी होती, जिथे फिरेल तिथली सुरकुती जायची. त्यांनी मावशीला बाजूला घेतलं. दिलासा देण्याची घाई म्हणजे आपलीच भीती असते, म्हणाल्या. प्रश्न विचार, उत्तर त्या माणसाच्या शब्दांत उतरव आणि पुढच्या प्रश्नावर जा. घरी कुणाला तरी रुग्ण करून तीस मुलाखती घे. प्रत्येक मुलाखतीच्या कागदाखाली दोन चौकोन होते, "खरी व्यक्ती" आणि "सरावातील पात्र". योग्य त्यावर खूण करायची.

घरी माणसं किती? नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस उगवणारा. उरल्या वन्सं.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. चौतीस वर्षं त्या एका नाटक कंपनीत कपडे शिवत होत्या. राजाची शेरवानी त्यांची, भिकाऱ्याचं ठिगळ त्यांचं. विंगेत सुईदोरा घेऊन उभं राहता राहता सगळ्या नाटकांतले सगळे संवाद त्यांना पाठ झाले होते. एकदा म्हणे नायिका ऐन प्रवेशात गप्प झाली, तेव्हा यांनी मागून इतकं जीव तोडून वाक्य सांगितलं, की टाळ्या विंगेकडे तोंड करून पडल्या. पण रंगमंचावर त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. पुढे हात कापायला लागले, सुईत दोरा जाईना, आणि कंपनीही बंद पडली. दोन वर्षांपूर्वी त्या एक पेटी आणि एक कात्री घेऊन भावाकडे राहायला आल्या.

रुग्ण व्हाल का म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर जे तेज आलं, तसं मावशीनं आधी पाहिलं नव्हतं. रोज दुपारी चार वाजता, मावशी पाळीवरून आली की मुलाखत. पहिल्या बारा दिवसांत बारा माणसं येऊन गेली. चाळणीची राणी आली. पोटात आगगाडी असलेला स्टेशनमास्तर आला. तो दर प्रश्नाआधी शिट्टी द्यायचा. स्वतःच्याच सावलीवर खटला भरणारी विधवा आली, आणि सावलीनं वकील दिला म्हणून रडली. शेजारीण एकदा दारात येऊन ऐकत उभी राहिली होती, ती आपल्या घरी दूध उतू गेल्यावरच हलली.

तेराव्या दिवशी वन्संनी चाळण खिळ्यावरून काढलीच नाही. शाल घट्ट लपेटून त्या स्टुलावर बसल्या.

"आज कोण?" मावशीनं विचारलं.

"एक बाई आहे. साधीच."

झोप? पहाटे तीनला उघडते, मग मिटत नाही. जेवण? घशाखाली ढकलावं लागतं. बोलावंसं वाटतं? कुणाशी? मावशी भराभर उतरवत गेली. वन्सं बोलत होत्या हळू, मध्येच थांबत, आणि थांबल्या की हातांकडे बघत. मावशीच्या मनात आलं, काय काम करतात वन्सं. कंपनीनं यांना उगाच विंगेत कुजवलं.

नवव्या प्रश्नाला मावशीनं वर पाहिलं. "जगू नये, असं कधी वाटतं?"

"वाटतं असं नाही. पण मी नसले, तर या घरात फक्त एक स्टूल रिकामं होईल. ते काय, कुणीही बसेल."

मावशीचा हात पुढे जायला निघाला होता. तिनं तो मांडीखाली घेतला. वाक्य जसंच्या तसं लिहिलं, तारीख टाकली आणि "सरावातील पात्र" या चौकोनात ठसठशीत खूण केली.

"बघा वन्सं," ती म्हणाली, "या वेळी मी तुम्हाला अजिबात सावरलं नाही."

"नाही सावरलंस," वन्सं म्हणाल्या. "शिकलीस तू."

दुसऱ्या दिवशी तीच बाई आली. तिसऱ्या दिवशीही. आठवडा उलटला तशी मावशी कुरकुरायला लागली. परीक्षक काय सोंग घेऊन बसतील याचा नेम नाही. एकाच बाईवर तयारी करून कसं चालेल? वर्गाच्या बाईंनीही कागद तपासून लाल शाईत लिहिलं होतं: रुग्ण एकसुरी आहे, पात्रांत विविधता आणा. मावशीनं तो शेरा वन्संना वाचून दाखवला.

"बरोबर आहे बाईंचं," वन्सं म्हणाल्या. "पण हल्ली दुसरं कुणी येत नाही गं."

"निदान स्टेशनमास्तर तरी आणा."

"त्याची गाडी गेली."

मावशी हसली. हा विनोद तिनं कागदाच्या कडेलाही टिपून ठेवला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिसावा कागद पूर्ण झाला. प्रवेशपत्रावर लावायचा फोटो मावशीकडून सरळ कापला जात नव्हता. वन्सं उठल्या आणि पेटीतून आपली कात्री घेऊन आल्या. चौतीस वर्षांची कात्री. मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. आजवर तिला कुणी हात लावला, तर घरात दोन दिवस अबोला असायचा.

"ठेव तुला," त्या म्हणाल्या. "मला काय करायची आता."

मावशीला भरून आलं. परीक्षेसाठी आशीर्वाद मिळाला असं तिला वाटलं, आणि फोटो कापून तिनं कात्री पिशवीतच ठेवली, शकुनाची म्हणून.

परीक्षकांना सर्दी झाली होती आणि अभिनय त्यांना दाराच्या फळीइतकाच येत होता. दर वाक्याला नाक पुसत ते निराश झाले. मावशीनं नऊच्या नऊ प्रश्न विचारले, एकदाही हात हलला नाही. मग त्यांनी रुमाल ठेवला, पुन्हा परीक्षक झाले आणि म्हणाले, आता धोक्याच्या सहा खुणा सांगा.

"झोप उडते. जेवण सुटतं. माणसाला आपण ओझं आहोत असं वाटतं. आवडीच्या वस्तू..."

मांडीवर पिशवी होती. कापडातून काहीतरी टोकदार तिच्या मांडीला लागत होतं.

"आवडीच्या वस्तू?" परीक्षकांनी आठवण करून दिली.

"देऊन टाकतो."

परीक्षकांनी खूण केली. पाचवी आणि सहावीही मावशीच्या तोंडातून बाहेर आली. यादी पाठ होती, ती तिच्यासाठी थांबली नाही.

"आणि अशी व्यक्ती समोर असेल तर?"

"एकटं सोडायचं नाही. लगेच घरच्यांना कळवायचं, डॉक्टरांना कळवायचं."

"लगेच म्हणजे?"

"त्याच क्षणी."

"छान." त्यांनी सरावाचे तीस कागद चाळले, शेवटाकडे रेंगाळले. "पहिले बारा जरा नाटकी आहेत. पुढचे अठरा मात्र अगदी खरे वाटतात. समोर कोण होतं?"

"माझी नणंद."

"फारच छान करतात त्या," परीक्षक म्हणाले, आणि पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण लिहून त्यांनी कागद फिरवून तिच्यापुढे सहीला सरकवला.

रस्त्यावर येऊन तिनं आधी घरी फोन लावला. तो वाजत राहिला. मग निवासगृहातल्या डॉक्टरांच्या खोलीत लावला. डॉक्टर राउंडवर होते, तिनं निरोप ठेवला. मग नवऱ्याला. मागे इंजिन घरघरत होतं. तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

"ताई ना?" तो हसला. "अगं, ती पहिल्यापासून नाटकी. पास झालीस का ते सांग."

बस इतकी हळू चालली होती, की कडेची झाडं तिला ओलांडून पुढे जात होती. प्रत्येक थांब्यावर लोक जन्मभराचं सामान घेऊन चढत होते आणि सुट्या पैशांवरून वाद घालत होते. मावशी सगळा वेळ दारापाशी उभी होती.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. वन्सं ओट्याशी उभ्या होत्या, पातेल्यात दूध तापत होतं. मावशीनं दाराची चौकट धरली.

"झालीस ना पास?" वन्संनी वळून विचारलं. "तुझ्या तोंडावरून कळेना."

"झाले. फोन का नाही घेतलात?"

"माझा थोडाच असतो तो."

मावशीनं पिशवी खाली ठेवली. कात्री काढून वन्संच्या पेटीवर ठेवली. वन्संनी कात्रीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बसा," मावशी म्हणाली.

"आता कशाला? परीक्षा झाली ना?"

"बसा, वन्सं."

त्या स्टुलावर बसल्या. मावशी समोर जमिनीवर बसली. गुडघ्यावर कागद नव्हता, हातात पेन नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला सुचेना.

"रात्री झोप कशी लागते?"

वन्संची नजर मावशीच्या उघड्या हातांवरून फिरली, जिथे कागद असायचा तिथे थांबली. मग त्यांनी हात लांब करून खिळ्यावरची चाळण काढली आणि डोक्यावर उपडी घातली.

"झोपा आमच्या दाराशी रांग लावतात," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"वन्सं, मला खरं सांगा."

"आम्ही राणी आहोत."

"सकाळी उठावंसं वाटतं?"

"सूर्याला सुट्टी दिली आहे."

ओट्यावर दूध चढायला लागलं. पातेल्याच्या काठापर्यंत आलं, क्षणभर थबकलं आणि फसफसत खाली आलं. जळका वास खोलीभर पसरला.

"वहिनी, दूध," वन्सं म्हणाल्या. आवाज त्या साध्या बाईचा होता.

"जाऊ द्या," मावशी म्हणाली. ती उठली नाही.

वन्संनी चाळण कपाळावरून हळूच खाली ओढली, डोळे झाकेपर्यंत.