धक्क्याचा थांबा

टाम्पेरेहून तुर्कूपर्यंत आगगाडी, तिथून बस, वाटेत बससकट पिवळ्या तराफ्यावरून खाडी ओलांडायची आणि शेवटी बेटावर जाणारी छोटी बोट. एवढा खटाटोप रेइयो करत होता तो थोरल्या भावासाठी, एन्सिओसाठी. वडिलांचं घर विकल्यापासून दोघांत अबोला होता. सोमवारी एन्सिओच्या हृदयावर शस्त्रक्रिया होणार, हे रेइयोला चुलतबहिणीकडून कळलं. त्याआधी त्याला भेटायचं होतं. फोन मात्र केला नव्हता; काय बोलायचं तेच सुचेना. थेट दारात उभं राहिलं की एन्सिओला निदान कॉफी तरी विचारावीच लागली असती.

बोटीचा धक्का जवळ आला तशी बसच्या खिडकीशी बसलेल्या रेइयोनं टोपी घातली, पिशवी मांडीवर घेतली. त्या मुलखात शेजारच्याला ‘जरा उठता का’ म्हणत नाहीत. एवढी खुडबूड पुरते. शेजारच्या बाईंनीही हातमोजे चढवले. थांब्याचं बटण त्यांनी दाबलं असणार, असं रेइयोनं धरलं. त्याच्याबद्दल बाईंनीही तेच धरलं. थांबा मागे जाताना दोघांनाही दिसला, पण भरल्या बसमध्ये ओरडणार कोण?

पुढच्या थांब्यावर उतरून दोघं चालत परतले, तोवर शेवटची बोट लांब गेली होती.

“मला वाटलं, तुम्ही दाबलंत,” बाई म्हणाल्या.

“मला वाटलं, तुम्ही.”

बाईंना हसू फुटलं. त्या बेटावरच्याच, नाव गुन्वोर. “थांबा, एन्सिओला बोलवते. त्याची स्वतःची बोट आहे.”

“मी त्याचा भाऊ,” रेइयो म्हणाला.

“मग मी कशाला? लावा तुम्हीच.”

तुर्कूची परतीची बस अजून मिळण्यासारखी होती. रेइयोनं फोन लावला.

“मी रेइयो. धक्क्यावर आहे. बोट चुकली.”

 “कशी काय?” एन्सिओनं विचारलं.

“बटण दाबायचं राहिलं.”

“ड्रायव्हरला हाक मारायचीस.”

“भरल्या बसमध्ये?”

“तेही खरं,” एन्सिओ म्हणाला आणि फोन बंद झाला.

तो येणार की नाही, कळेना. दोघं बाकावर मध्ये एक जागा सोडून बसले. ऊन उतरल्यावर इंजिनाचा आवाज आला. एन्सिओ पार वाळला होता. धक्क्याला बोट लावून इंजिन बंद करत तो पुढच्या फळीवर सरकला.

“तू चालू कर. इंजिनाची दोरी ओढायला डॉक्टरांनी मनाई केलीय.”

“मग येताना कोणी ओढली?”

“एवढा बडबड्या कधीपासून झालास? बैस मागे.”

गुन्वोरबाई मधल्या फळीवर बसून पाण्याकडे बघत राहिल्या. रेइयोनं दोरी हातात घेतली.

“सरळ ओढ,” एन्सिओ म्हणाला, “तिरकी नको.”